प्रार्थनेतली भाषा आणि घरातली भाषा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही लहानपणापासून चर्चच्या मंडळीत आहात, उपासना चुकवत नाही, शिवीगाळ करत नाही, जाणूनबुजून खोटं बोलत नाही. तरी परवा पत्नी म्हणाली, "तुमची प्रार्थनेतली भाषा वेगळी आणि आमच्याशी बोलायची वेगळी." ते तुम्हाला लागलं. आता तुम्ही विचारता की विश्वास, प्रार्थना, वचनाचा अभ्यास, सेवा ह्या मोठ्या गोष्टींपुढे रोजच्या बोलण्याला खरंच एवढं महत्त्व आहे का? आणि असलं, तर कमी बोलावं हाच त्यावर उपाय का?

मी बरीच वर्षं पाळकीय सेवेत आहे. घरोघरच्या भेटी आणि लग्नाआधीचं व नंतरचं समुपदेशन ह्यातच माझा बराचसा वेळ जातो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या पत्राच्या तळाशी एक दुसराच प्रश्न दिसतो: मी काही वाईट बोलत नाही, मग तेवढं पुरेसं का नाही? ह्याचं उत्तर सापडलं की बोलण्याला महत्त्व किती, हा प्रश्न आपोआप सुटतो.

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय काढा आणि २५ ते ३२ ही वचनं एका दमात वाचा. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे चोराबद्दल बोलतो. चोरी करणाऱ्यानं चोरी सोडावी एवढ्यावर तो थांबत नाही. त्यानं स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत आणि गरजवंताला द्यायला त्याच्याजवळ काही असावं, असं तो म्हणतो. म्हणजे ज्यानं फक्त चोरी थांबवली, तो अजून अर्ध्या वाटेवर आहे. लगेच पुढच्या, २९व्या वचनात बोलण्याचा विषय येतो आणि त्याची मांडणी अगदी तशीच आहे. कुजकं भाषण तोंडातून निघू नये हा पहिला भाग. ज्याची गरज आहे ते, दुसऱ्याची उन्नती करणारं बोलणं निघावं आणि ऐकणाऱ्याला त्यातून कृपा मिळावी, हा दुसरा. शिवी न देणारा, खोटं न बोलणारा माणूस चोरी सोडलेल्या चोरासारखा आहे. चांगलं झालं, पण त्याच्या हातून अजून कुणाला काही मिळालेलं नाही.

तुमच्या पत्नीच्या वाक्याचा अर्थ मला तोच वाटतो. तुम्ही घाणेरडं बोलता असं ती म्हणत नाही. प्रार्थनेत तुमच्या तोंडून कृपा, दया, आभार हे शब्द येतात आणि घरात त्यातलं काहीच पोहोचत नाही, असं ती म्हणते आहे.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, ती वाचताना सहसा निसटते. पवित्र आत्म्याला खिन्न करू नका, हे वचन ३०वं आहे. त्याच्या आधीचं वचन बोलण्याविषयी आहे आणि नंतरच्या ३१व्या वचनात कडूपणा, संताप, राग, गलबला, निंदा ह्यांची नावं येतात. पवित्र आत्मा खिन्न होतो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादं मोठं, गुप्त पाप येतं. पौलानं मात्र ते वचन घरात आणि मंडळीत चालणाऱ्या बोलण्याच्या मधोमध ठेवलं आहे. महत्त्व किती, ह्या तुमच्या प्रश्नाला मी ह्यापेक्षा स्पष्ट उत्तर देऊ शकत नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो, कारण मी तुमचं घर पाहिलेलं नाही. काही घरांत सगळेच मोठ्या आवाजात बोलतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. काही घरांत आवाज कधीच चढत नाही, पण एक एक वाक्य काळजात रुततं. आवाजाच्या पट्टीवरून मी कधीच निष्कर्ष काढत नाही. दुसरं म्हणजे झोप पुरी होत नसेल, दुखणं असेल, कामाचा ताण अंगावर येत असेल, तर जिभेचा ताबा लवकर सुटतो. तिथे प्रार्थनेबरोबर विश्रांती आणि गरज पडल्यास डॉक्टर हवेत, हे सांगताना मला कधी संकोच वाटत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ज्या घरात मारहाण, धमक्या किंवा सततचा अपमान चालू आहे, तिथे सोसणाऱ्या व्यक्तीला "मृदू बोल, सहन कर" असं सांगायला ही वचनं वापरणं हा वचनाचा गैरवापर आहे. अशा व्यक्तीनं बाहेर जाऊन विश्वासू माणसाला किंवा अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं, तर ती चुगली ठरत नाही. तुमच्या पत्रावरून तुमच्याकडे तसं काही आहे असं दिसत नाही, पण हे उत्तर इतरही वाचतील म्हणून लिहून ठेवतो.

तुमच्या बाबतीत मला जे दिसतं ते बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबानं नेमकं पकडलं आहे. त्याच्या पत्राचा तिसरा अध्याय जिभेवरचा म्हणून प्रसिद्ध आहे: घोड्याचा लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. पण त्या अध्यायाची सुरुवात जिभेनं होत नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल, अशी ती सुरुवात आहे. म्हणजे हे शब्द आधी आमच्यासारख्यांसाठी, जे वचन सांगतात, प्रार्थना चालवतात, त्यांच्यासाठी लिहिलेले आहेत. आणि नवव्या वचनात तो म्हणतो की ज्या जिभेनं आपण प्रभू पित्याचा धन्यवाद करतो, तिनंच देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे केलेल्या माणसांना शाप देतो. त्याचा युक्तिवाद काय आहे बघा. तुमचं वागणं दुटप्पी दिसतं, लोक काय म्हणतील, असं तो म्हणत नाही. ज्याची स्तुती केलीत, त्याचंच प्रतिरूप समोर बसलेल्या माणसात आहे. तेव्हा रात्रीच्या कुटुंब प्रार्थनेत देवाला "दयाळू पित्या" म्हणायचं आणि डोळे उघडल्यावर बायकोला "एवढंही कळत नाही का तुला?" म्हणायचं, ही दोन्ही वाक्यं एकाच दिशेला गेलेली असतात.

हे "एवढंही कळत नाही का" मी मुद्दाम निवडलं. समुपदेशनाला येणाऱ्या जोडप्यांकडून मी नेहमी एक गोष्ट मागतो. सगळी भांडणं सांगू नका, आज सकाळी घरातून निघताना एकमेकांना बोललेलं शेवटचं वाक्य सांगा. बहुतेकांना ते आठवायला वेळ लागतो. आठवतं तेव्हा ते असं काहीतरी असतं: "किती वेळा सांगायचं?" "राहू दे, मीच करतो." "तुझ्याकडून ही अपेक्षाच नव्हती." "तुझ्या आईसारखंच." एकाही वाक्यात शिवी नाही, खोटं नाही, आवाजही चढलेला नाही. पण "राहू दे, मीच करतो" हे वर्षानुवर्षं ऐकणाऱ्या बाईनं हळूहळू घरातल्या कुठल्याच गोष्टीत मत देणं सोडलेलं मी पाहिलं आहे. नवऱ्याला वाटत होतं की ती स्वभावानंच अबोल आहे. लग्नाआधी ती संडे स्कूलमध्ये शिकवायची आणि मुलं तिला सोडत नसत, हे तिच्या बहिणीनं मला सांगितलं.

ह्यात टोमण्याची एक वेगळी जात आहे, ती म्हणजे गंमत. चारचौघांत बायकोच्या, मुलाच्या किंवा सहकाऱ्याच्या एखाद्या उणिवेवर विनोद करायचा आणि चेहरा पडला की म्हणायचं, "अगं, गंमत केली!" बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायात ह्या माणसाचं चित्र आहे. शेजाऱ्याला फसवून "मी थट्टा करत होतो" म्हणणारा हा जळती कोलितं आणि बाण फेकणाऱ्या वेड्यासारखा आहे, असं तिथे लिहिलं आहे. विनोदाला माझा विरोध नाही, हसणारं घर ही देवाची मोठी देणगी आहे. मी एवढंच पाहतो की ज्याच्यावर विनोद झाला, तोही मनापासून हसला का.

आता दुसरा प्रश्न: कमी बोलावं का?

थोडं, हो. पुष्कळ बोलण्यात अपराध टळत नाही, हे नीतिसूत्रांच्या दहाव्या अध्यायात आहेच. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आणि लाजिरवाणी गोष्ट आहे, असं अठरावा अध्याय सांगतो. याकोबही ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश असावं म्हणतो. पण "कमी बोला" हा सल्ला मी सरसकट देत नाही, कारण ख्रिस्ती घरांत अबोला हेसुद्धा एक हत्यार आहे. काही पुरुष, आणि स्त्रियाही, भांडणानंतर दोन-दोन दिवस बोलत नाहीत आणि त्याला संयम म्हणतात. जेवणाचं ताट पुढे सरकतं, मुलांमार्फत निरोप जातात. समोरच्याला पूर्ण कळतं की ही शिक्षा आहे. असं गप्प राहण्यात ऐकणाऱ्याला कृपा कुठे मिळाली? संयमाची शांतता वेगळी असते. ती सांगून घेतली जाते: "मी आत्ता रागात आहे, रात्री बोलू." आणि रात्री खरंच बोललं जातं. सूर्य मावळण्याआधी राग संपवावा, हेही त्याच इफिसकरांच्या चौथ्या अध्यायात आहे.

शांततेचं उत्तम उदाहरण बायबलमधल्या, संकटांनी खचलेल्या ईयोबाच्या मित्रांचं आहे. ते आले, त्याची दशा पाहून रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले. एक शब्दही कुणी बोललं नाही. त्यांनी केलेल्या सगळ्या सेवेत ती उत्तम सेवा होती. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर, आणि शेवटच्या अध्यायात देवाचा राग त्यांच्या बोलण्यावर आहे. त्यांचं बरंचसं बोलणं सुटं काढून वाचलं तर धार्मिक आणि बरोबर वाटतं. शोकाच्या घरी "देवाची इच्छा" असं आपण घाईघाईनं म्हणतो, तेव्हा मला हे मित्र आठवतात. वाक्य खरं असू शकतं. त्या घटकेला, त्या माणसाला त्याची गरज होती का, हा प्रश्न उरतोच, आणि पौलाच्या त्या २९व्या वचनात गरज हा शब्द आहे.

तुम्ही विचारलं नाही, पण जी गोष्ट मंडळ्यांना सगळ्यात जास्त पोखरते तिच्याबद्दल लिहायलाच हवं. ती म्हणजे हजर नसलेल्या माणसाविषयीचं बोलणं. आपल्यात ते फार सभ्य रूपात येतं. प्रार्थनासभा संपत आलेली असते आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "अमक्या कुटुंबासाठी प्रार्थना करा, मी जास्त सांगत नाही, पण त्यांच्या मुलीचं जरा..." मग सगळे पुढे सरकतात. पाच मिनिटं तपशील, अर्धं मिनिट प्रार्थना. दुसऱ्या दिवशी तोच तपशील व्हॉट्सअ‍ॅपवर "प्रार्थनेची विनंती" म्हणून फिरतो. त्या कुटुंबाला विचारलं होतं का? बहुधा नाही. मी आमच्या सभांमध्ये ह्यासाठी एक साधा नियम ठेवला आहे: ज्याच्यासाठी विनंती आहे त्याची परवानगी असेल तरच तपशील सांगायचा, नसेल तर फक्त नाव घ्यायचं. देवाला तपशील आधीच ठाऊक आहे. सुरुवातीला काहींना हे कोरडं वाटलं. नंतर असं झालं की ज्यांनी कधीच काही सांगितलं नव्हतं, ते लोक स्वतःहून बोलायला लागले, कारण गोष्ट बाहेर जाणार नाही ह्याची त्यांना खात्री पटली.

"आपल्यासारखी शेजाऱ्यावर प्रीती कर" ही आज्ञा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. बायबलमधल्या लेवीय ह्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात ती १८व्या वचनात येते. तिच्या दोनच वचनं आधी, सोळाव्यात, लोकांमध्ये चहाड्या करत फिरू नको असं आहे. मधल्या सतराव्यात आपल्या भावाचा मनात द्वेष करू नको, त्याला स्पष्ट बोल, असं आहे. म्हणजे शेजारप्रीतीची पहिली परीक्षा त्याच्याबद्दल बोलायचं की त्याच्याशी बोलायचं, ह्यात होते. प्रभू येशूनंही मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात हाच क्रम घालून दिला. भावानं अपराध केला तर आधी तू आणि तो एकांतात. मग एक-दोघे साक्षीला. मग मंडळी. आपण बहुतेक वेळा हा क्रम उलटा करतो आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला सगळ्यांत शेवटी कळतं.

सोळाव्या शतकातल्या युरोपातल्या धर्मसुधारणेच्या काळातल्या शिक्षकांनी "खोटी साक्ष देऊ नको" ही आज्ञा शिकवताना हीच बाजू धरली होती. मार्टिन लूथरनं १५२९ साली घराघरांतल्या शिक्षणासाठी जी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यात शेजाऱ्याची बदनामी करू नये एवढ्यावर तो थांबला नाही. त्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगलं बोलावं आणि त्याच्या वागण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावावा, असं त्यानं शिकवलं. त्याच काळातल्या, १५६३च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत कुणालाही त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय दोषी ठरवू नये, असं आहे. चांगला अर्थ लावणं म्हणजे डोळे झाकणं नव्हे. जिथे दोन अर्थ निघू शकतात, तिथे वाईट अर्थ आधी निवडायचा नाही, एवढंच. नवराबायकोत हे एक पथ्य पाळलं गेलं तरी अर्धी भांडणं सुरूच होणार नाहीत, असं माझं मत आहे.

मग खरं, कडू वाटणारं बोलायचंच नाही का? बोलायचं. गोड बोलणं आणि कृपेनं बोलणं ह्यांत फरक आहे. मित्राचे घाव विश्वासूपणाचे असतात हेही नीतिसूत्रांतच आहे. संदेष्टा नाथान दावीद राजाकडे गेला तेव्हा व्यभिचार आणि खून एवढा मोठा अपराध समोर होता. त्यानं आधी गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली, राजाचा विवेक जागा होऊ दिला, आणि मग सरळ म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस." तो समोर जाऊन बोलला आणि स्पष्ट बोलला. दावीद पश्चात्तापाकडे वळावा हा त्याचा हेतू होता. मला कुणाला खडसावायचं असेल तेव्हा मी स्वतःला आधी विचारतो की ह्या माणसानं सुधारावं असं मला वाटतंय, की त्याला एकदा लागावं असं वाटतंय? दुसरं उत्तर आलं तर मी त्या दिवशी बोलत नाही.

एक छोटी गोष्ट ओघात सांगतो. "तुमच्यासाठी प्रार्थना करतो" हे आपलं रोजचं वाक्य आहे, आणि बऱ्याचदा ते निरोप घेण्याची पद्धत म्हणूनच वापरलं जातं. तुमचं होय ते होय असावं, असं प्रभूनं शपथेच्या संदर्भात शिकवलं. इथेही ते लागू आहे. शक्य असेल तर तिथेच दोन वाक्यांची प्रार्थना करा, नाहीतर नाव लिहून घ्या. दोन्ही जमणार नसेल तर ते वाक्य बोलू नका.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करावं. जिभेला लगाम घालायचा निश्चय करून सुरुवात करू नका. जिभेला कुणीही माणूस वश करू शकत नाही, हे याकोबच सांगतो, आणि मत्तयच्या १२व्या अध्यायात प्रभू म्हणतो की अंतःकरणात जे भरून गेलं आहे तेच मुखातून निघतं. त्यानं हे कुणाला म्हटलं ते पाहा. आंधळ्या-मुक्या माणसाला त्यानं बरं केलं आणि परूशी म्हणाले की हा भुतांच्या अधिपतीच्या साहाय्यानं करतो. धार्मिक, अभ्यासू माणसं डोळ्यांसमोरचं चांगलं काम पाहूनही त्याचा वाईटात वाईट अर्थ लावत होती. माणसं जो जो व्यर्थ शब्द बोलतील त्याचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल, हे वचन त्याच प्रसंगातलं आहे. म्हणून मी लोकांना आधी आत पाहायला सांगतो. टोमणा तोंडातून निघण्याआधी मनात कोणतं वाक्य चालू असतं? बहुतेकांचं उत्तर असं असतं की "माझी कुणाला किंमत नाही" किंवा "सगळं मलाच बघावं लागतं". ते वाक्य देवासमोर तसंच्या तसं बोलून टाका. स्तोत्रकर्त्यांनी ह्याहून कडू तक्रारी देवाकडे केल्या आहेत. तिथे बोलून झालेली तक्रार घरातल्यांवर निघण्याचं कारण उरत नाही.

माझ्या मुखावर पहारा ठेव, ही १४१व्या स्तोत्रातली विनंती रात्री पश्चात्तापाच्या वेळी म्हणण्यापेक्षा घराचं दार उघडण्याआधी म्हणा. फोन करण्याआधी, रागात लिहिलेला संदेश पाठवण्याआधी म्हणा. पहारा चोर येण्याआधी लागतो.

आणि क्षमा मागताना नेमकी मागा. "काही चुकलं असेल तर माफ कर" ह्या वाक्यात काय चुकलं हे शोधायचं काम पुन्हा तिच्यावरच येतं. "काल पाहुण्यांसमोर तू बोलत असताना मी तुझं वाक्य तोडलं आणि तुला काही माहीत नाही असं म्हणालो. ते चूक होतं," असं म्हणा. मुलांच्या देखत बोलला असाल तर क्षमाही मुलांच्या देखत मागा. पौलानं बापांना मुलांना चिडवू नका, ती खिन्न होतील, असं कलस्सैकरांना लिहिलं. बाप आईशी कसा बोलतो हे मुलं रोज ऐकत असतात, आणि बाप चूक कबूल करताना कसा बोलतो हेही त्यांनी ऐकायला हवं.

ह्या सगळ्याआधी मात्र पत्नीकडे जा आणि विचारा की तिला कोणतं बोलणं आठवत होतं. ती सांगेल तेव्हा "मी त्या अर्थानं म्हणालो नव्हतो" हे वाक्य त्या दिवशी राहू द्या. खुलासा करायचा असेल तर नंतर कधीतरी करा. ती लगेच सांगणार नाही, अशी शक्यता आहे. बरेच दिवस ज्याचं ऐकून घेतलं गेलं नाही, ते माणूस पहिल्या विचारण्याला "काही नाही" असंच म्हणतं. तसं झालं तर रागावू नका, आणि विचारलं म्हणजे आपलं काम झालं असंही समजू नका. दोन-चार दिवसांनी पुन्हा विचारा, आणि तिला बोलायचं असेल तेव्हा हातातला फोन खाली ठेवा.